शांता आपटेंवर सिनेमा काढणार असाल तर आधी हे वाचा

मराठीत बायोपिक काढणाऱ्या समस्त निर्माता, दिग्दर्शक, लेखक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

बालगंधर्व झाले, फाळके झाले, काशिनाथ घाणेकर झाले, भगवानदादा झाले, वसंतराव देशपांडे झाले. आता पुढचं नाव शोधताना आज ना उद्या कुणाचं तरी बोट १९३० च्या दशकातल्या गाणाऱ्या नटी शांता आपटेंवर येऊन थांबणार हे मला स्वच्छ दिसतंय, कारण मसाला सगळा तयार आहे ना. प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकावर उपोषणाला बसलेली हिरॉईन. संपादकाच्या ऑफिसात छडी घेऊन घुसलेली हिरॉईन. अजून काय पाहिजे तुम्हाला, टीझर तिथेच कट झाला. स्लो मोशनमध्ये पदर, मागून ढोल, आणि मग काळ्या स्क्रीनवर ‘ती झुकली नाही’ टाईपची एखादी ओळ.

म्हणून म्हटलं तुम्ही स्क्रिप्टला हात घालायच्या आधीच लिहावं. नंतर ट्रेलर आल्यावर कमेंटमध्ये भांडण्यात काही अर्थ नसतो, तोपर्यंत तुमचे पैसेही अडकलेले असतात आणि इगोही.

मी कोणी इतिहासकार वगैरे नाही हे आधीच सांगते. डबिंग करते, जुने सिनेमे बघायचं वेड आहे, आणि शांताबाईंबद्दल जे काही हाताला लागेल ते वाचत आलेय. त्यातून एक गोष्ट फार खटकते, ती अशी की या बाईचं नाव निघालं की लोक दोनच किस्से सांगतात आणि दोन्ही किस्से सांगताना हसतात. ‘अगं फार तापट होती, डोकं फिरलं की काही खरं नाही.’ आणि संपलं. काय मागत होती, कशासाठी भांडत होती हा प्रश्नच कोणी विचारत नाही. तुम्ही सिनेमा काढाल तेव्हा तरी तो विचारा एवढंच मागणं आहे. बाकी पत्र लांबलंय कारण मला थांबता येत नाही.

छडीचं आधी उरकून टाकू. फिल्मइंडिया मासिकाचे संपादक बाबुराव पटेल म्हणजे त्या काळात इंडस्ट्रीतल्या सगळ्यांची झोप उडवणारा माणूस, एका ओळीत कोणालाही सोलून काढायचा, आणि बायकांबद्दल लिहिताना तर लेखणीला लगाम नव्हता. त्यांनी शांताबाईंबद्दल काहीतरी वाह्यात छापलं आणि बाई थेट त्यांच्या ऑफिसात छडी घेऊन गेल्या असा किस्सा सांगितला जातो. रंगवून रंगवून सांगितला जातो, आणि सांगणाऱ्यागणिक छडीचे फटके वाढत जातात. तुम्हाला तो सीन टाकायचा मोह होणार हे मान्य, पण टाकायचाच असेल तर मग त्या आधी दोन मिनिटं तो मजकूर वाचला जातोय असं दाखवा की. नुसती छडी दाखवलीत तर ती वेडी ठरते. आणि दुसरं म्हणजे हा सीन तिने त्याआधी पडद्यावर करून झालेला होता! प्रभातच्या कुंकू सिनेमात म्हाताऱ्या नवऱ्याचा तो तरणाताठा चळलेला मुलगा, म्हणजे नात्याने हिचा सावत्र मुलगा, अंगचटीला यायला बघतो तेव्हा नीरा, म्हणजे शांताबाई, त्याला छडीने असा बदडते की आजही बघताना थिएटरात कोणीतरी ‘वा’ म्हणतंच. तो सीन १९३७ चा आहे. म्हणजे लोकांच्या डोक्यात शांता आपटे आणि छडी ही जोडी आधीच पक्की होती, मग किस्सा खरा किती आणि कुंकूने पुरवलेला किती हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता बाई होत्या कोण. दुधनीच्या, वडील स्टेशनमास्तर, घरात भजनाचा नाद, लहानपणीच पंढरपूरला गाणं शिकल्या. १९३२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या श्यामसुंदरमध्ये राधा, समोर शाहू मोडक कृष्ण, दोघंही कोवळी पोरं, आणि तो सिनेमा मुंबईत सलग पंचवीस आठवडे चालला. मग प्रभात. कोल्हापूरची प्रभात नुकतीच पुण्याला आली होती, १९३३ मध्ये, आणि पुण्यातला पहिलाच सिनेमा अमृतमंथन, १९३४ चा. त्यात शांताबाई राजगुरूच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या नायकाची बहीण झाल्यात. बघा जरूर, कारण तोपर्यंत पडद्यावर गाणं म्हणजे काय होतं, तर बाई एका जागी खिळून उभी राहणार, नजर समोर, हात शिवून टाकल्यासारखे, गाणं संपेपर्यंत गोष्ट थांबलेली. ही पोरगी गाता गाता मान हलवते, हात फिरवते, डोळ्यांनी बोलते, गाणं म्हणतेय की वाक्य बोलतेय ते कळू नये इतकं सहज. संगीत केशवराव भोळ्यांचं, त्यांनाही हेच हवं होतं, नाटकी ताना नकोत, अर्थ हवा. आज आपल्याला त्यात काही विशेष वाटणार नाही, कारण नंतर सगळ्यांनीच तसं केलं.

पुढे अमरज्योती, राजपूत रमणी, वहाँ, गोपाळकृष्ण. अमरज्योतीत दुर्गा खोटे समुद्रावरची चाचीण, कायद्याने न्याय दिला नाही म्हणून जहाज घेऊन निघालेली बाई. शांता आपटे त्यातली राजकन्या, आणि तिचं सुनो सुनो बन के प्राणी अजूनही म्हाताऱ्या लोकांना तोंडपाठ असतं. हे सगळं एका परिच्छेदात गुंडाळतेय कारण मला कुंकूवर यायचंय.

कुंकू तुमच्यातल्या निम्म्यांनी शाळेत असताना दूरदर्शनवर अर्धा बघितला असेल. पुन्हा बघा, पूर्ण. नारायण हरि आपट्यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवरून (आडनाव एकच म्हणून नातं जोडू नका, प्लीज, स्क्रिप्टमध्ये ‘काका’ वगैरे नको). अनाथ नीरा, मामाने पैशांसाठी फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली. आणि ती काय करते, रडत नाही, विहीर जवळ करत नाही, पळूनही जात नाही. ती त्याच घरात राहते आणि म्हणते की हे लग्न मला मान्य नाही, मी तुमची बायको म्हणून राहणार नाही. बस. अख्खा सिनेमा त्या एका नकारावर उभा आहे. केशवराव दात्यांचा काकासाहेब आरशासमोर उभा राहून मिशांना कलप लावतोय तो सीन नीट बघा, त्या माणसाची कीवही येते आणि रागही येतो, आणि पार्श्वसंगीत नाहीये कुठेच, संपूर्ण सिनेमात नाही, घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचा गलका, बस. त्या शांततेत शांता आपटेंचा तो करकरीत आवाज येतो ना, अंगावर काटा येतो.

आणि यातच ती लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. १९३७ मध्ये, मराठी सिनेमात, नऊवारीच्या जमान्यात, इंग्लिश कविता, चालीवर. जगाच्या रणांगणावर हाकलल्या जाणाऱ्या मुक्या गुरांसारखे राहू नका, लढा, असा त्या कडव्याचा अर्थ. लोकांना गंमत वाटली असेल, पुण्यात तर काय चर्चा झाली असेल. मला मात्र ते गाणं ऐकताना दोन वर्षांनंतरचं फाटक दिसायला लागतं, कारण ज्या कंपनीने तिच्या तोंडी ही कविता घातली त्याच कंपनीच्या दारात ती जाऊन बसली.

तर आता ते फाटक. जुलै १९३९. शांता आपटेंनी प्रभातच्या दारात उपोषण केलं. वाद पगाराचा आणि कराराचा. पेपरात बातम्या झाल्या, लोक बघायला आले, टिंगलही भरपूर झाली. कुंकूची हिरॉईन, देशभर नाव, आणि ती गेटवर न खाता बसलीय म्हटल्यावर गर्दी होणारच.

हा सीन तुम्ही कसा करणार हे मला माहितीये. पाऊस. भिजलेली साडी. आतून खिडकीतून बघणारे व्ही. शांताराम, चेहऱ्यावर दडवलेलं काहीतरी. एक फ्लॅशबॅक. आणि प्रेक्षकाला वाटणार की ही भानगड प्रेमाची होती. अहो नको ना. हात जोडते. त्या बाईला काय हवं होतं, तर कामाचे पैसे आणि कराराबद्दल सरळ उत्तर. प्रेमभंग झालेल्या हिरॉईनवर सिनेमे ढीगभर आहेत, पगार मागणाऱ्या हिरॉईनवर एक दाखवा मला.

स्टुडिओ पद्धत म्हणजे काय हे आधी प्रेक्षकाला कळायला हवं, नाहीतर उपोषण हा नुसता तमाशा वाटेल. तेव्हा नट-नट्या आजच्यासारख्या सुट्या नव्हत्या. कंपनीच्या पगारावर. महिन्याचे ठरलेले पैसे, वर्षानुवर्षांचा करार, कुठला सिनेमा करायचा ते कंपनी ठरवणार, करायचा की नाही तेही कंपनी ठरवणार, आणि बाहेर दुसरीकडे काम करायचं नाही. सिनेमा पंचवीस आठवडे चालो की पन्नास, तुमचा पगार तेवढाच. आणि कंपनीने सहा महिने घरी बसवलं तरी तुम्ही त्यांच्याच. ज्याचं तोंड हीच पुंजी आहे अशा माणसासाठी, त्यातून बाईसाठी, की जिची चार-पाच वर्षंच हिरॉईनची असतात असं सगळे धरून चालतात, घरी बसणं म्हणजे काय हे तुमच्यापैकी ज्यांनी कोणा हिरॉईनला ‘तुला पुढच्या प्रोजेक्टसाठी होल्डवर ठेवलंय’ असं सांगितलंय त्यांना चांगलंच माहितीये.

आणि हो, लक्षात असू द्या, प्रभातला व्हिलन करू नका. ते सोपं आहे म्हणून तर करू नका. दामलेमामा, साहेबमामा फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि पैसे घालणारे सीतारामपंत कुळकर्णी, या पाच जणांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात काढलेली कंपनी म्हणजे मराठी माणसाने केलेल्या मोजक्या अभिमानाच्या गोष्टींपैकी एक आहे. तिथे पगार वेळेवर होते, शिस्त होती, शिकायला मिळायचं, झाडू मारणाऱ्या पोराचा पुढे टेक्निशियन व्हायचा. ती माणसं चांगली होती, आणि तरीही त्यांच्या कंपनीत अशी वेळ आली की त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या नटीला गेटवर उपाशी बसावं लागलं. तुमच्या सिनेमाचा खरा पेच इथे आहे. वाईट मालकाविरुद्ध चांगली कामगार ही गोष्ट कोणीही लिहील, पण बंडखोर नायिकेचा सिनेमा काढून टाळ्या घेणाऱ्या सज्जन लोकांना खरी बंडखोर बाई समोर आल्यावर काय करावं ते कळेना, हे लिहायला लेखक लागतो.

उपोषणाचं टायमिंगही बघा. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं, देशभर गाजलेलं. म्हणजे उपोषण हे तेव्हा पुढाऱ्यांचं हत्यार, आणि ते या नटीने उचललं, स्वतःच्या पगारासाठी. काही लोकांना तो पोरकटपणा वाटला असणार, काहींना पावित्र्यभंग. मला विचाराल तर त्यात जबरदस्त डोकं आहे. कोर्टात गेली असती तर तारखा, वकील, खर्च, आणि बातमी चार ओळींची. युनियन नव्हती. लेख लिहिला तर छापणारे कोण, बाबुराव पटेल? गेटवर बसली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं की कंपनीत काहीतरी बिनसलंय.

हॉलिवूडवाल्यांचं उदाहरण देते म्हणजे तुमच्या फायनान्सरला पटेल. बेटी डेव्हिस, वॉर्नर ब्रदर्सची पगारी नटी, ऑस्कर मिळाल्यावरही टुकार रोल देतात म्हणून १९३६ मध्ये वैतागून इंग्लंडला गेली, तिथे दुसऱ्या कंपनीशी करार केला, वॉर्नरने लंडनच्या कोर्टात खेचली. वॉर्नरचा बॅरिस्टर कोर्टात म्हणाला की ही एक खट्याळ तरुणी आहे आणि तिला फक्त जास्त पैसे हवेत. केस हरली ती. मुकाट्याने परत गेली, पण मग रोल चांगले मिळाले आणि दोन वर्षांत दुसरा ऑस्कर. पुढे तिच्याच स्टुडिओतल्या ऑलिव्हिया डी हॅविलंडने १९४३ मध्ये केस टाकली आणि जिंकली, सात वर्षांपेक्षा जास्त काळ नटीला बांधून ठेवता येणार नाही असं कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने ठणकावलं, आजही त्या कायद्याला तिच्या नावाने ओळखतात. तिकडे या दोघींवर पुस्तकं आहेत, कायद्याच्या कॉलेजात त्यांच्या केसेस शिकवतात. आणि आपली बाई, बरोबर त्याच काळात, तेच भांडण, वकिलाशिवाय, एकटी, आणि आपल्याकडे तिचा किस्सा झाला.

एकटी म्हणजे अगदीच एकटी नाही, थोरले भाऊ बाबुराव आपटे तिचं सगळं बघायचे, कडक माणूस. (हो, या गोष्टीत बाबुराव फार आहेत, स्क्रिप्ट वाचताना नटांचा गोंधळ होणार, आत्ताच सांगून ठेवते.) आणि अजून एक गोंधळ टाळा. प्रभातची दुसरी शांता, शांता हुबळीकर, माणूसमधली, कशाला उद्याची बात वाली, ती वेगळी. माणूस १९३९ चाच. दर दोन महिन्यांनी कोणीतरी शांता आपटेंच्या फोटोखाली ते गाणं लावून रील टाकतं आणि हजारो लोक बदाम देतात. तुमच्या रिसर्च टीमला एवढं जमलं तरी पुष्कळ.

आता मला ज्यासाठी हे पत्र लिहायचं होतं ते. उपोषणाच्या पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, शांता आपटेंनी पुस्तक लिहिलं. जाऊ मी सिनेमांत? असं नाव. आपल्याकडे नट्यांची आत्मचरित्रं काही कमी नाहीत. हंसा वाडकरांचं आलं १९७० च्या आसपास, लीला चिटणीस, दुर्गा खोटे यांची त्यानंतर. सगळी चांगली, पण सगळी निवृत्तीच्या वयात लिहिलेली, हिशेब मिटल्यावर. या बाईने ऐन करिअरमध्ये लिहिलं. अजून काम मागायला जायचं होतं, त्याच निर्मात्यांच्या दारात उभं राहायचं होतं, आणि तरी हा धंदा कसा चालतो, पैसा कोणाकडून कोणाकडे जातो, त्यात नटाची किंमत काय, सिनेमात यायला निघालेल्या पोरापोरींनी काय समजून यावं हे छापून मोकळी झाली. आजच्या भाषेत, सीरियल चालू असताना लीड अॅक्ट्रेसने चॅनेलच्या कॉन्ट्रॅक्टवर पुस्तक काढायचं. आहे कोणाची हिंमत? माझी तर नाही, मी हे पत्रसुद्धा नाव न घालता लिहितेय.

तुमच्या सिनेमाचा क्लायमॅक्स हा आहे. गेट नाही. गेट इंटरव्हलला संपवा. दुसऱ्या अर्ध्यात ती टेबलाशी बसून लिहितेय. मला माहितीये ‘लिहिणं व्हिज्युअल नाही’ असं कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणणार. मग ती लिहिते ते दाखवा ना! तिकीटविक्रीच्या खिडकीपासून पैसा निघतो, थिएटरवाला, वितरक, फायनान्सर, कंपनी असं करत करत नटाच्या हातात काय उरतं, याहून व्हिज्युअल काय असतं. लागतील तर मी चार लोकांची उदाहरणं देते.

माझंच देते. टीव्हीच्या डबिंगचे पैसे नव्वद दिवसांनी मिळतात हे आमच्यात सगळ्यांना पाठ आहे, नव्वद दिवस म्हणजे बिल टाकल्यापासून, आणि बिल टाकायचं म्हणजे आधी त्यांनी पीओ, म्हणजे पर्चेस ऑर्डर, द्यायचा, आणि पीओ मागितला की ‘मॅडम, अकाउंट्सवाले रजेवर आहेत’. एका कंपनीकडे मागच्या वर्षीचे पैसे अजून अडकलेत. व्हॉट्सअॅपवर विचारलं की अंगठा येतो. पैसे नाही, अंगठा. आणि तिसऱ्यांदा विचारलं तर समोरच्या को-ऑर्डिनेटरने माझ्या मैत्रिणीला सांगितलं, ‘त्या जरा डिफिकल्ट आहेत हं.’ डिफिकल्ट! पुढच्या महिन्यात त्यांच्याकडून कॉल आला नाही. तेव्हापासून शांताबाईंना तापट म्हणणाऱ्यांचा मला जास्तच राग येतो, हे खरं सांगायला हवं, त्यामुळे या पत्रात कुठे तोल गेला असेल तर समजून घ्या.

बरं, प्रभात सुटल्यावर काय. तुमच्यातले आळशी लेखक इथे ‘आणि मग ती विस्मृतीत गेली’ अशी पाटी टाकून मोकळे होतील. चुकीचं आहे. बाई आधी गेल्या मद्रासला. १९४१ ची तमिळ सावित्री, शांता आपटे सावित्री आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद! एमएसने तो रोल केला कारण घरचं कल्की नियतकालिक काढायला पैसे हवे होते, म्हणजे त्या सेटवर दोन थोर गायिका, दोघींच्या डोक्यात पैशांचा हिशेब. शांताबाईंनी त्यासाठी वर्षभर तमिळ शिकून घेतलं आणि आपली गाणी आपणच म्हटली. आता मी डबिंगवाली असल्यामुळे मला यातलं काय ते कळतं. परक्या भाषेत चार वाक्यं ओठांना जुळवून बोलायची म्हटलं तरी घाम फुटतो, आणि ही बाई तमिळ लोकांसमोर, एमएसच्या शेजारी उभी राहून, तमिळमध्ये गाते. हा सीन कोणी लिहीत नाही. फाटक सगळ्यांना पाहिजे.

मग लाहोर. पांचोलींचा जमीनदार, १९४२, संगीत गुलाम हैदर. मग मुंबईत दुहाई, त्यात सोबत नूरजहाँ. पुणे, मद्रास, लाहोर, मुंबई, चार शहरं, तीन भाषा, आणि कोणाचीही पगारी नोकर नाही. जे गेटवर मागत होती ते तिने असं मिळवलं. दुर्गाबाईंनी हे आधीच केलं होतं, प्रभातमध्ये असूनही कलकत्त्याला न्यू थिएटर्सचे सिनेमे केले, पण दुर्गाबाई मोठ्या घरच्या, लाड-खोट्यांच्या घरातल्या, त्यांना नाही म्हणताना कंपन्या दोनदा विचार करायच्या. स्टेशनमास्तरच्या मुलीला ते भांडून घ्यावं लागलं.

उतार आला तो वेगळ्या कारणाने, आणि हे कारणही दाखवण्यासारखं आहे. प्लेबॅक आलं. जोवर नटीला स्वतः गावं लागत होतं तोवर शांता आपटेंसारखी बाई म्हणजे सोनं, अभिनय आणि गाणं एकाच पगारात. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चित्र पालटलं, तोंड एकाचं आणि गळा दुसऱ्याचा चालायला लागला, मग गाता येणाऱ्या नटीपेक्षा नुसती सुंदर दिसणारी नटी स्वस्त पडायला लागली. १९४६ च्या सुभद्रामध्ये, मास्टर विनायकांचा सिनेमा, वसंत देसाईंचं संगीत, मैं खिली खिली फुलवारी हे गाणं शांताबाईंनी म्हटलंय आणि त्यांच्याबरोबर गाणारी दुसरी मुलगी कोण, तर लता मंगेशकर. सतरा वर्षांची, घर चालवायला मिळेल ते काम करणारी. एका गाण्यात स्वतः गाणाऱ्या नट्यांचा जमाना आणि प्लेबॅकचा जमाना शेजारी शेजारी उभे आहेत, आणि तेव्हा त्या दोघींपैकी स्टार कोण होती हे विसरू नका. तुम्ही हा सीन करताना लताबाईंना पावलोपावली देवी करून ठेवाल आणि कॅमेरा त्यांच्यावरच राहील, मला भीती आहे त्याची. कॅमेरा शांताबाईंवर ठेवा. ऐकणारी ती आहे.

१९५० च्या दशकात कामं कमी होत गेली, भूमिका दुय्यम, पौराणिक सिनेमे. २४ फेब्रुवारी १९६४ ला मुंबईत गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती. मरणाचा सीन करू नका. व्हायोलिन तर अजिबात नको.

आणि प्रभात? व्ही. शांताराम स्वतःच १९४२ मध्ये भांडून बाहेर पडले, मुंबईला जाऊन राजकमल काढलं. कंपनी १९५३ मध्ये बंद पडली, आणि त्याच आवारात १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केलं, आजची एफटीआयआय. तिथे २०१५ मध्ये पोरं संपावर गेली, १३९ दिवस, तेव्हा टीव्हीवर काही लोक म्हणत होते की या जागेची ही परंपरा नाही. मी घरात बसून टीव्हीवर ओरडत होते, अहो आहे, १९३९ पासून आहे! नवरा म्हणाला कोणाशी बोलतेस.

आता थोडं व्यवहाराचं बोलते, कारण तुम्हाला ‘सूचना’ हव्या असतात.

हिरॉईन गाणारी घ्या. बजेटमध्ये बसत नसेल तर एखादी नाटकवाली घ्या, संगीत नाटकात तालमी केलेल्या कितीतरी मुली पुण्या-मुंबईत, सांगलीत, गोव्यात आहेत, आणि सेटवर गाऊ द्या. नंतर स्टुडिओत नीटनेटकं करून टाकलं की या बाईचं जे वेगळेपण ते निघून जाणार. आणि गोरीपान नाजूक नको. शांताबाईंची पडद्यावरची ताकद त्या उभं राहण्यात होती, खांदे ताठ, हनुवटी वर, समोरच्याच्या डोळ्यात डोळे. हल्लीच्या मराठी हिरॉईनना तुम्ही लोकांनी मान खाली घालून लाजायची इतकी सवय लावलीय की ऑडिशनला आधी तेच काढून टाकावं लागेल.

भाषा जपा. १९३९ मधल्या पुण्यातलं कोणी ‘मला स्पेस हवीये’ म्हणत नव्हतं. आणि उलट टोकाला जाऊन सगळ्यांना कीर्तनकार पण करू नका.

हंसा वाडकरांच्या आयुष्यावर श्याम बेनेगलांनी भूमिका केला, १९७७ मध्ये, हिंदीत. उत्तम सिनेमा. पण मराठी नटीवरचा सगळ्यात मोठा सिनेमा हिंदीत व्हावा आणि आपण इथे पुरुषांच्या दारूच्या बाटल्या मोजत बसावं, याची थोडी तरी लाज वाटते का कोणाला? वाटत असेल तर शांता आपटे मराठीत करा. हिंदीवाल्यांच्या हाती लागली तर पाऊस नक्की पडणार.

आणि शेवटचं. उपोषणाच्या सीनला तुम्हाला गर्दी लागणार, शंभर-दोनशे ज्युनियर आर्टिस्ट, टोपीवाले, सायकलवाले, चहावाला, गेटवरचा दरवान. दिवसभर उन्हात उभे करणार तुम्ही त्यांना, जेवण चारला देणार. त्या सगळ्यांचे पैसे त्याच दिवशी संध्याकाळी रोख द्या. नव्वद दिवसांनी दिलेत आणि मला कळलं, आणि मला कळतंच कारण आमचे ग्रुप आहेत, तर तुमच्या प्रीमियरच्या दारात सतरंजी घालून कोण बसतंय ते बघा.

तुमच्या सिनेमाचं पहिल्या दिवशीचं पहिल्या शोचं तिकीट काढणारी,
एक डिफिकल्ट प्रेक्षक
पुणे